निकृष्ट हेलिकॉप्टर किटमधून नीटस मॉडेल कसे काढावे

प्लास्टिकच्या स्केल मॉडेलांमध्ये विमानापेक्षा हेलिकॉप्टर अवघड असते. विमानाच्या जोडणीतील पुष्कळ दोष पंखाखाली, चाकांच्या कप्प्यात किंवा रंगाच्या थरात झाकता येतात. हेलिकॉप्टरला मात्र पुढे काचेचे नाक, बाजूंना मोठी दारे, मागे बारीक शेपटी आणि डोक्यावर लांब, पातळ पाती असतात, आणि या चारही ठिकाणी झालेली गफलत थेट नजरेत भरते. किटच निकृष्ट असेल, म्हणजे धड जुळत नसेल, काच धुरकट असेल, पाती वाकडी असतील आणि सूचनापत्रकातील चित्रे अंदाजाने काढलेली असतील, तर नवखा माणूस वैतागून खोके माळ्यावर टाकतो. अशा किटमधूनही कपाटात मांडण्याजोगे मॉडेल काढता येते, मात्र त्यासाठी कामाचा क्रम आपण ठरवावा लागतो आणि मेहनत कुठे करायची व कुठे हात आखडता घ्यायचा याचा निर्णय आधीच करावा लागतो.

उदाहरणासाठी या लेखात मुख्यतः चेतक घेतले आहे. मूळचे फ्रेंच अल्यूएट ३ हे हेलिकॉप्टर १९५९ साली प्रथम उडाले आणि पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने परवान्याखाली त्याचे चेतक या नावाने उत्पादन केले. त्याची किट अनेक वर्षे वेगवेगळ्या खोक्यांतून विकली जात आहेत, आणि लष्कराची वैमानिक प्रशिक्षण शाळा नाशिकला असल्यामुळे धुळे-जळगावकडून नाशिकला जाणाऱ्या-येणाऱ्यांना हे यंत्र परके नाही.

किट खरेच वाईट आहे का, हे आधी तपासावे

सगळी अवघड किट वाईट नसतात. कमी दाबाच्या साच्यांत थोड्या संख्येने काढलेल्या किटमध्ये भाग एकमेकांत बसवण्याच्या खुंट्या नसतात, सगळे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिचे देठ जाड असतात आणि कडा ओबडधोबड असतात, परंतु त्यांचे आकार बहुधा प्रामाणिक असतात. अशा किटला वेळ लागतो इतकेच. उलट काही किट वरवर गुळगुळीत दिसतात आणि मोजायला घेतली की प्रमाणच चुकलेले निघते, कारण खोक्याच्या मापात बसेल एवढे मॉडेल करून त्यावर सोयीचे प्रमाण छापलेले असते. म्हणून खोके उघडल्यावर सर्वांत आधी पट्टी हातात घ्यावी.

चेतकच्या मुख्य रोटरचा, म्हणजे डोक्यावरील फिरत्या पात्यांचा, व्यास ११.०२ मीटर आहे. १/७२ प्रमाणात तो सुमारे १५.३ सेंटिमीटर आणि १/४८ प्रमाणात सुमारे २३ सेंटिमीटर यायला हवा. सियाचीनसारख्या उंचीवर वापरल्या गेलेल्या चीता या हेलिकॉप्टरचा रोटरही तेवढ्याच व्यासाचा आहे. एमआय-८ या मोठ्या रशियन हेलिकॉप्टरचा रोटर २१.२९ मीटरचा असल्याने १/७२ मध्ये तो साडेएकोणतीस सेंटिमीटरच्या आसपास भरतो. दोन-तीन मिलिमीटरचा फरक सोडून द्यावा. दीड-दोन सेंटिमीटरचा फरक असेल, तर मॉडेल कोणत्याही प्रमाणाशिवाय केले आहे असे समजून फक्त त्याचा आकार आणि समतोल सुधारावा, मापांच्या मागे लागू नये.

खोक्यावरील नाव आणि आतील यंत्र एकच आहे का, हेही पाहावे. एमआय-८ ची शेपटीकडील पंखी उजव्या बाजूला असते आणि एमआय-१७ ची डाव्या बाजूला. खोक्यावर एमआय-१७ लिहून आत जुन्या साच्यातील एमआय-८ चे भाग देणे हा प्रकार ओळखायला ही एक खूण पुरेशी आहे. चीताची शेपटी उघड्या सळ्यांच्या जाळीची असते आणि चेतकची पत्र्याने मढवलेली असते, त्यामुळे तिथे गोंधळ होण्याचे कारण नाही.

दोष कुठून येतात

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत पाइप, फिटिंग आणि चटयांचे कारखाने असल्यामुळे प्लास्टिकच्या साच्यांचे काम जाणणारी माणसे खानदेशात पुष्कळ आहेत, आणि त्यांना पुढील दोष नवे वाटणार नाहीत. साच्याचे दोन भाग झिजल्यामुळे किंवा दाब कमी पडल्यामुळे नीट मिटले नाहीत, तर फटीतून प्लास्टिक बाहेर येऊन भागाच्या कडेला पातळ पापुद्रा तयार होतो. त्याला फ्लॅश म्हणतात. साच्याचे दोन भाग किंचित सरकलेले असतील, तर गोल दांड्याच्या मध्यभागी पायरी पडते. जाड भागातील प्लास्टिक थंड होताना अधिक आकसते आणि पृष्ठभागावर खळगा पडतो. प्लास्टिक साच्याच्या टोकापर्यंत पोहोचण्याआधी थिजले, तर भाग अर्धवट राहतो. भाग बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे गोल ठसे तर चांगल्या किटमध्येही असतात, पण वाईट किटमध्ये ते नेमके पायलटच्या आसनावर आणि दाराच्या आतील बाजूस असतात.

हे वर्गीकरण उपयोगाचे आहे, कारण प्रत्येक दोषाचा उपाय वेगळा आहे. फ्लॅश खरवडून जातो, खळगा भरावा लागतो, पायरी असलेला दांडा दुरुस्त करण्यापेक्षा तारेचा नवा करणे सोपे जाते, आणि अर्धवट आलेला भाग नव्याने घडवावा लागतो.

साहित्य: सराफ बाजार ते मोटार रिवाइंडिंग

मॉडेलसाठीची खास हत्यारे मुंबई-पुण्याहून किंवा ऑनलाइन मागवता येतात, परंतु निम्म्याहून अधिक सामान खानदेशातच उत्तम प्रतीचे मिळते. जळगावच्या सराफ बाजारात सोनारकामाची हत्यारे विकणाऱ्या दुकानांत बारीक कानशींचा संच, टोकदार चिमटे, केसाएवढ्या पात्याची करवत, हाताने फिरवायचे छोटे ड्रिल आणि डोळ्याला लावायचे भिंग मिळते. ही हत्यारे दागिन्यांसाठी असल्याने मॉडेलच्या कामाला हवी तेवढी नाजूक असतात. शेतीपंपांमुळे तालुक्याच्या प्रत्येक गावी मोटार रिवाइंडिंगचे दुकान असते. तिथे निरनिराळ्या जाडीच्या तांब्याच्या तारेचे तुकडे सहज मिळतात, आणि हेलिकॉप्टरच्या पात्यांना आधार देण्यासाठी, अँटेना, पाइप आणि हँडल करण्यासाठी त्याहून सोयीचे काही नाही. सायकलच्या दुकानातून जुने छर्रे आणावेत, त्यांचा उपयोग पुढे येईल. मोटारींना रंग देणाऱ्यांच्या दुकानातून ४००, ८००, १००० आणि २००० नंबरचा पाण्यात घासायचा पॉलिश पेपर, एन.सी. पुट्टीची लहान डबी आणि रबिंग कंपाउंड घ्यावे.

चिकटवण्याच्या बाबतीत मात्र स्थानिक पर्यायांपासून सावध राहावे. ही किट पॉलिस्टायरीन या प्लास्टिकची असतात. पीव्हीसी पाइप जोडायचे सोल्युशन खानदेशात घरोघरी असते, परंतु ते घट्ट आणि जहाल असते. त्याने पॉलिस्टायरीनचा पातळ भाग चिकटण्याऐवजी वितळून विद्रूप होतो. पाट्या बनवणारे कारागीर ॲक्रिलिक जोडायला क्लोरोफॉर्म वापरतात. तेही या प्लास्टिकला विरघळवते, पण त्याची वाफ घातक असल्याने घरात त्याचा वापर अजिबात करू नये. मॉडेलसाठी मिळणारे पाण्यासारखे पातळ सिमेंट मागवावे. ते महाग वाटले तरी एक बाटली अनेक किटना पुरते. जोडीला फेविक्विक, फेविकॉल, एम-सील आणि खाण्याचा सोडा ठेवावा.

भर घालण्यासाठी पॉलिस्टायरीनची पातळ पट्टी लागते. ती नसेल तर वापरून फेकायच्या पेल्यांच्या आणि डब्यांच्या तळाशी त्रिकोणात ६ हा आकडा आणि त्याखाली पीएस अशी अक्षरे आहेत का ते पाहावे. तसे असेल तर ते पॉलिस्टायरीन असते आणि मॉडेलच्या सिमेंटने चिकटते. त्रिकोणात ५ असलेले डबे पॉलिप्रॉपिलीनचे असतात, त्यांवर हे सिमेंट काहीही काम करत नाही.

धुणे, मोजणे, सरळ करणे

भाग चौकटीवरच असताना कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने, मऊ ब्रशने धुवावेत, कारण साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा तेलकट थर राहिला तर पुढे रंग सोलून निघतो. धुतल्यानंतर सावलीत वाळवावेत. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि पत्र्याच्या छतावर किंवा बंद मोटारीत तापमान त्याहून कितीतरी वाढते. पॉलिस्टायरीन मऊ होण्याचे तापमान १०० अंशांच्या जवळपास असले, तरी ताणाखाली ठेवलेला पातळ भाग त्याआधीच हळूहळू वाकतो. उन्हाळ्यात कुरिअरने आलेल्या खोक्यातील पाती आणि शेपटी वाकलेली असण्याचे हेही एक कारण असू शकते.

वाकलेला भाग सरळ करायला उकळते पाणी वापरू नये. चहाचे पाणी उकळण्याआधी त्यात बुडबुडे धरू लागतात, साधारण तेवढे गरम पाणी पुरते. भाग काही सेकंद त्यात धरावा, बाहेर काढून काचेच्या तुकड्यावर सपाट दाबावा आणि गार पाणी ओतून तिथेच थिजवावा. एका दमात पूर्ण सरळ करण्याचा हट्ट धरू नये, थोडे-थोडे करून पुन्हा बुडवावे. फ्यूजलाजचा, म्हणजे हेलिकॉप्टरच्या धडाचा, अर्धा भाग पिळवटलेला असेल, तर त्याला गरम पाण्यात सरळ करण्यापेक्षा जोडताना टप्प्याटप्प्याने ओढून आणणे अधिक सुरक्षित असते, कारण मोठा भाग तापवल्यास एक वाक जाऊन दुसरा येतो.

फ्लॅश काढताना ब्लेडने कापू नये. ब्लेडची पाठ किंवा धार उभी धरून खरवडावे. बारीक भाग चौकटीवरून नेलकटरने तोडू नयेत, कारण ठिसूळ प्लास्टिकमध्ये तो ताण सरळ भागात जातो आणि भागच दुभंगतो. सोनाराच्या करवतीने देठ कापावा आणि उरलेला अंकुर कानशीने घासावा.

सूचनापत्रक बाजूला ठेवून कोरडी जुळणी

आता गोंद न लावता, फक्त मास्किंग टेपने फ्यूजलाजचे दोन अर्धे, कॉकपिटची फरशी, काच आणि छत जोडून पाहावे. या टप्प्याला एक पूर्ण संध्याकाळ द्यावी, कारण निकृष्ट किटच्या बहुतेक कटकटी इथेच समोर येतात आणि अजून काहीही बिघडलेले नसते. फरशी अधिक रुंद असल्यामुळे फ्यूजलाज मिटत नाही, काच फ्यूजलाजपेक्षा अरुंद आहे, मागची भिंत छताला टेकत नाही, हे सगळे टेपने बांधल्यावर कळते. जिथे भाग अडतो तिथे पेन्सिलीने खूण करावी आणि आतला भाग घासावा, बाहेरचा नव्हे. आतील फरशी अर्धा मिलिमीटर कमी झाली तर कोणाला कळणार नाही, पण फ्यूजलाज अर्धा मिलिमीटर फाकले तर पुढची काच कधीही बसणार नाही.

काच अरुंद असेल, तर काच ताणण्याचा प्रयत्न करू नये, फ्यूजलाज आत घ्यावे. फ्यूजलाज अरुंद असेल, तर आतून पॉलिस्टायरीनच्या पट्टीचा अडसर बसवून ते बाहेर ढकलावे. पत्रकात काच सर्वांत शेवटी बसवायला सांगितलेले असते, परंतु हेलिकॉप्टरमध्ये काचेची रुंदी हेच खरे माप असते आणि बाकीचे सगळे तिच्याशी जुळवावे लागते. म्हणून जोडणीच्या प्रत्येक टप्प्यावर काच पुन्हा पुन्हा लावून पाहावी.

वजनाचा प्रश्नही आत्ताच सोडवावा. पुढे एका आणि मागे दोन ठिकाणी चाके असलेली चेतक किंवा एमआय-८ सारखी मॉडेल लांब शेपटीमुळे मागे बसतात. टेपने जोडलेले मॉडेल मागच्या चाकांच्या जागी पेन्सिलीवर तोलून पाहावे आणि नाक खाली जाईपर्यंत किती छर्रे लागतात ते ठरवावे. चेतकच्या नाकात काचच असल्यामुळे वजन लपवायला जागा आसनांखाली आणि फरशीखाली शोधावी लागते. छर्रे एम-सीलमध्ये पक्के बसवावेत. मासे धरायच्या गळाचे शिसे वापरून ते फेविकॉलने चिकटवण्याचा मोह टाळावा. अशा गोंदातील आम्लामुळे शिशावर कालांतराने पांढरी भुकटी चढते, ती फुगते आणि बंद फ्यूजलाज आतून उकलते.

फ्यूजलाज जोडणे

खुंट्यांवर विसंबू नये. वाईट किटमध्ये त्या चुकीच्या जागी असतात, आणि त्यांच्यामुळेच दोन अर्ध्यांमध्ये पायरी पडते. खुंट्या कापून टाकाव्यात आणि त्यांऐवजी एका अर्ध्याच्या आतील कडेला दर दीड-दोन सेंटिमीटरवर पट्टीचे छोटे तुकडे अर्धे बाहेर येतील असे चिकटवावेत, म्हणजे दुसरा अर्धा त्यांवर येऊन बसतो.

जोडणी शेपटीच्या बारीक टोकाकडून सुरू करावी की नाकाकडून, याबद्दल मतभेद आहेत. आमच्या मते ती छताच्या मध्यापासून, रोटरच्या खांबाच्या जागेपासून सुरू करावी, कारण तिथला भाग तिरका झाला तर रोटर कायमचा झुकलेला दिसतो. तीन सेंटिमीटरचा पट्टा बोटांनी जुळवून धरावा, फटीला पातळ सिमेंटचा ब्रश टेकवावा आणि सिमेंट आपसूक फटीत ओढले जाऊ द्यावे. तो पट्टा पक्का झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. पिळवटलेला अर्धा या पद्धतीने एकेका पट्ट्याला सरळ होत जातो. घाईने सगळी शिवण एकदम चिकटवून रबरबँडने आवळली, तर दुसऱ्या दिवशी ती कुठून तरी उकलते किंवा शेपटी बाकदार होते.

उरलेल्या फटींसाठी चौकटीचे बारीक तुकडे त्याच पातळ सिमेंटमध्ये रात्रभर विरघळवून तयार केलेला लगदा हा सर्वांत विश्वासू उपाय आहे, कारण वाळल्यावर तो मूळ प्लास्टिकच बनतो आणि घासताना वेगळा वागत नाही. मात्र तो पूर्ण वाळायला दोन-तीन दिवस द्यावेत. मोठ्या फटीत आधी पट्टी ठोकून मगच लगदा भरावा. घाई असेल तर फेविक्विकचा थेंब आणि वर चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की भर लगेच दगडासारखी होते, पण ती तासाभरात घासून घ्यावी. रात्र उलटली की ती प्लास्टिकपेक्षा कठीण होते आणि घासताना शेजारचे मऊ प्लास्टिक झिजून खड्डा पडतो. एन.सी. पुट्टी फक्त ओरखडे आणि उथळ खळगे यांच्यासाठी ठेवावी. जाड थर दिला तर ती आकसते आणि तिच्यातील थिनर खालचे प्लास्टिक मऊ करते.

जुन्या साच्यांत पत्र्याच्या जोडरेषा उठावदार असतात आणि शिवण घासताना त्या पुसल्या जातात. त्या सगळ्या नव्याने कोरण्याची मोहीम काढू नये. शिवणीलगत पुसलेली रेषा रंगानंतर फारशी जाणवत नाही, मात्र अर्ध्या बाजूला कोरलेल्या आणि अर्ध्या बाजूला उठावदार रेषा हमखास खटकतात.

काच

हेलिकॉप्टरचे मॉडेल काचेवर ओळखले जाते, आणि निकृष्ट किटची काच जाड, रेघोट्यांची, कधी आत बुडबुडा असलेली असते. सर्वांत आधी ती सुधारण्याजोगी आहे का ते ठरवावे. छापील कागदावर दोन सेंटिमीटर उंच धरून मजकूर वाचता आला, तर ती सुधारेल. अक्षरे लाटांसारखी हलत असतील, तर दोष जाडीत आहे आणि घासून जाणार नाही.

सुधारण्याजोगी काच करवतीनेच चौकटीपासून वेगळी करावी. नंतर १००० नंबरच्या पेपरने पाण्यात, मग २००० ने, आणि शेवटी मऊ सुती कापडावर रबिंग कंपाउंड घेऊन घासावी. मधल्या टप्प्यावर काच पूर्ण दुधाळ दिसते, तेव्हा घाबरून थांबू नये. दोन्ही बाजू घासाव्या लागतात, आणि आतील बाजूसाठी कापड काडीला गुंडाळून घ्यावे.

सुधारणार नाही अशी काच वाया जात नाही, कारण तीच नव्या काचेचा साचा बनते. तिच्या आत एम-सील गच्च भरावे, पक्के झाल्यावर बाहेरून थोडे घासावे, कारण नव्या काचेची जाडी वरून चढणार आहे, आणि ते एका दांड्यावर बसवावे. मिठाईच्या पारदर्शक खोक्याचे सपाट प्लास्टिक लाकडी चौकटीला पिनांनी ताणून लावावे, गरम हवेच्या मशीनसमोर ते ढिले पडून लोंबू लागेपर्यंत तापवावे आणि साच्यावर ठामपणे खाली दाबावे. पहिले दोन-चार तुकडे फुकट जाणार हे धरून चालावे. जमलेली काच बारीक कात्रीने कापावी. दोन वक्र असलेल्या चेतकच्या नाकासाठी दोन भाग वेगवेगळे ओढून फ्रेमच्या रेषेवर जोडणे सोपे जाते.

काच बसवताना फेविक्विक वापरू नये, त्याच्या वाफेने काचेवर पांढरे धुके बसते. मॉडेलचे सिमेंटही टाळावे, कारण एक थेंब ओघळला तरी काचेत भेगा दिसू लागतात. थोड्या पाण्याने पातळ केलेला फेविकॉल वाळल्यावर पारदर्शक होतो आणि सांडला तर ओल्या काडीने पुसता येतो. त्याच्यात जोर कमी असतो, पण काच हाताळायची नसल्यामुळे तेवढा पुरतो. तीन-चार मिलिमीटरच्या छोट्या खिडक्यांना तर वेगळी काच नको, काडीने फेविकॉलचा पडदा ओढला की तोच वाळून खिडकी होते.

काचेच्या फ्रेम रंगवताना आधी आतला रंग द्यावा आणि त्यावर बाहेरचा, म्हणजे काचेतून आत पाहणाऱ्याला फ्रेमची आतील बाजूही कॉकपिटच्या रंगाची दिसते.

रोटर

निकृष्ट किटमधील पाती बहुधा सपाट फळ्या असतात. खऱ्या पात्याची पुढची कड गोलसर आणि जाड, मागची कड पातळ असते. कानशीने पुढची कड गोल करावी आणि मागच्या कडेकडे उतार द्यावा. पुढची कड कोणती, हे ठरवताना बरेच जण फसतात. फ्रेंच आणि रशियन हेलिकॉप्टरांचे मुख्य रोटर वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, तर बहुतेक अमेरिकी हेलिकॉप्टरांचे उलट दिशेने. म्हणून चेतक, चीता आणि एमआय मालिकेत, मध्याकडे उभे राहून पात्याच्या टोकाकडे पाहत आहोत अशी कल्पना केली, तर पुढची कड उजव्या हाताला यायला हवी. कित्येक किटमध्ये ती डावीकडे असते. पात्याच्या वरच्या-खालच्या बाजूंत फरक नसेल तर पाते उलटे करून बसवावे, नसेल जमत तर कडा नव्याने घासाव्यात.

पात्यांचे मुळाशी असलेले सांधे नुसत्या सिमेंटवर टिकत नाहीत. हातड्रिलने पात्याच्या मुळात आणि मध्यगोलात अर्ध्या मिलिमीटरचे छिद्र पाडावे आणि तांब्याच्या तारेचा तुकडा दोहोंत फेविक्विकने बसवावा. त्याआधी पुठ्ठ्यावर वर्तुळ काढून कंपासपेटीतील कोनमापकाने चेतकसाठी १२० अंशांवर तीन रेषा आखाव्यात. पाच पात्यांच्या एमआय-८ साठी हे अंतर ७२ अंशांचे होते. मध्यभागी टाचणी उभी करून मध्यगोल त्यावर ठेवावा, पाती रेषांवर आणावीत आणि तशीच पूर्ण वाळू द्यावीत. डोळ्याच्या अंदाजाने लावलेली तीन पाती कधीही सारखी लागत नाहीत.

उभ्या हेलिकॉप्टरची पाती स्वतःच्या वजनाने टोकाकडे खाली झुकतात. ताठ, सपाट पाती असलेले मॉडेल खेळण्यासारखे दिसते ते याच कारणाने. तार बसवण्याआधी प्रत्येक पाते गरम पाण्यात धरून मोठ्या बरणीच्या अंगावर हलके दाबावे. १/७२ मध्ये टोकाला तीन-चार मिलिमीटरचा झोल पुरेसा दिसतो. तीनही पात्यांचा झोल सारखा हवा, त्यासाठी ती एकावर एक ठेवून पाहावीत.

रोटर मॉडेलला कायमचा चिकटवू नये. तो काढता-घालता आला तर मॉडेल अर्ध्या आकाराच्या खोक्यात बसते, धूळ झटकता येते आणि प्रदर्शनाला नेताना मोडत नाही. खराब झालेल्या इअरफोनमधील छोटे चुंबक जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी मोबाइल दुरुस्त करणाऱ्यांकडे मागितले तर मिळू शकते. ते फ्यूजलाजच्या छताखाली बसवून रोटरच्या खांबाला लोखंडी टाचणीचा तुकडा लावला की काम होते. हे चुंबक मात्र फ्यूजलाज बंद करण्याआधी आत जायला हवे.

चीताची जाळीदार शेपटी

चीता करायचे असेल तर शेपटीची जाळी हा स्वतंत्र उद्योग आहे. किटमधील सळ्या खऱ्या प्रमाणाच्या दुप्पट जाड असू शकतात आणि प्रत्येकीवर साच्याची पायरी असते. त्या घासत बसण्यापेक्षा किटची शेपटी कागदावर ठेवून बाजूचे आणि वरचे रेखाटन काढावे, त्या रेखाटनावर सेलोटेपने तारा चिकटवून बाजूच्या दोन चौकटी आधी तयार कराव्यात आणि मग आडव्या तारांनी त्या जोडाव्यात. तांब्याची तार सरळ करण्यासाठी तिचे एक टोक पकडीत धरून दुसरे टोक ताणावे. वाइंडिंगच्या तारेवर व्हार्निशचा थर असतो, तो पॉलिश पेपरने घासल्याशिवाय ना सोल्डरचा डाग लागतो ना रंग धरतो.

रंग आणि खानदेशचे हवामान

पहिला राखाडी प्रायमर हा रंगापेक्षा तपासणीसाठी द्यावा, कारण शिवणीतील दोष एकसारख्या रंगाखालीच दिसतात. दोष दिसला की पुन्हा भरावे, घासावे आणि पुन्हा प्रायमर द्यावा.

मे महिन्यातील दुपारी फवाऱ्यातून निघालेला ॲक्रिलिक रंग मॉडेलवर पोहोचेपर्यंत हवेतच सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. त्या दिवसांत पहाटे काम करावे, रंग उशिरा सुकावा म्हणून त्यात रिटार्डर घालावा आणि अंतर कमी ठेवावे. कूलरच्या हवेत फवारू नये, त्या ओलाव्याने आणि झोताने दोन्हीकडून नुकसान होते. पावसाळ्यात लॅकर रंगावर पांढरट झाक येते, तेव्हा उघडीप असलेला दिवस निवडावा. फवाऱ्याचे डबे आणि थिनर पत्र्याच्या खोलीत साठवू नयेत, आणि खिडकी उघडी ठेवून, मास्क लावूनच फवारावे.

जुन्या किटमधील, पाण्यात भिजवून मॉडेलवर सरकवायच्या चिन्हांचे कागद पिवळे पडलेले असतात. खिडकीच्या काचेला आतून टेपने लावून काही दिवस उन्हात ठेवले की पिवळेपणा बराच उतरतो. आपल्या उन्हाचा एवढा तरी उपयोग आहे. नंतर नको असलेले एक चिन्ह पाण्यात टाकून पाहावे. त्याचे तुकडे झाले तर सगळ्या कागदावर पारदर्शक लॅकरचा थर द्यावा आणि वाळल्यावर प्रत्येक चिन्ह कडेने कापून घ्यावे. भारतीय हवाई दलाच्या वर्तुळात बाहेर केशरी, मध्ये पांढरा आणि आत हिरवा रंग असतो. स्वस्त किटमध्ये केशरीच्या जागी सरळ लाल छापलेला आढळतो. असे चिन्ह लावण्यापेक्षा गोल पंचाने कापलेल्या मास्किंग टेपच्या आधाराने वर्तुळ रंगवणे चांगले, आणि त्यासाठी आधी पांढरी तबकडी, मग केशरी कडे, शेवटी हिरवा मध्य असा क्रम ठेवावा.

चिन्हांवर मंद झाकेचे व्हार्निश देण्यापूर्वी काच झाकलेली आहे ना, हे पाहावे. चाके, आरसे, अँटेना आणि शेपटीची पंखी त्यानंतर लावावी, आणि काचेवरील मास्किंग सर्वांत शेवटी, टेपचे टोक अगदी सपाट मागे वळवून हळूहळू काढावे. पूर्ण झालेले मॉडेल रोटर उतरवून, तळाला स्पंजचा तुकडा देऊन झाकणाच्या डब्यात ठेवावे, आणि तो डबा पश्चिमेच्या भिंतीलगतच्या कपाटात ठेवू नये, कारण उन्हाळ्यात संध्याकाळी ती भिंत तापते आणि बारीक शेपटी महिन्याभरात पुन्हा खाली झुकू लागते.